वसूची पहिली रायफल जर्मन नव्हती

या गं पोरींनो, जवळ सरकून बसा. लांबून बोलायला माझा आवाज आता पुरत नाही. आणि आधी थोडं ऐकून घ्या, राग मानू नका. वसू शेवटची तीन वर्षं दुखण्यानं घरात होती. मुलुंड स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर, तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ असलेलं. तेव्हा तुमच्यातल्या किती जणी आल्या? ती गेल्यावर मात्र हार काय, फोटो काय, शोकसभा काय. चिडत नाही मी. तुमचीही घरं आहेत, गुडघे आहेत, नातवंडं आहेत. पण ती दारावरची बेल वाजली की मान वळवायची, एवढं सांगते आणि पुढे जाते.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगायला हवं. वसू म्हणजे माझी नणंद. लग्न केलं नाही तिनं, शेवटपर्यंत आमच्याच घरात राहिली. शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलींना रायफलनं नेम धरायला शिकवायची. निशाणावर हो, पाखरांवर नाही. त्याच या पोरी, आता साठीला टेकलेल्या.

ती गेली त्या सकाळी मी मेथी निवडत होते. हॉस्पिटलातून माझ्या मुलाचा फोन आला, "आई, आत्या गेली." मी म्हटलं, "बरं." फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून पुरी केली. का ते विचारू नका. हातांना दुसरं काही सुचलं नाही… याला आता सहा आठवडे झाले.

लिहायला बसले ती शोकसभेमुळे. एक मोठे गृहस्थ छान बोलले. बोलता बोलता म्हणाले, बाईंच्या वडिलांनी त्या काळात त्यांच्या हाती जर्मन रायफल दिली, म्हणून बाई घडल्या. लोकांनी माना डोलावल्या. माझ्या मागच्या खुर्चीवर एक तरुण बाई होती, बरोबर अकरा-बारा वर्षांची मुलगी. ती मुलीला हळूच म्हणाली, "बघितलंस? हे आपल्यासारख्यांचं काम नाही." मुलगी चपलेचा पट्टा ओढत बसली. मला तेव्हाच उठून सांगायचं होतं की अगं, नव्हती ती जर्मन. जर्मन आली होती घरात, चार दिवस. आणि ती गेली माझ्यामुळे. पण माझे पाय उठेपर्यंत सभा संपली. तर आता लिहून सांगते. मी शाळा चौथीपर्यंतच पाहिली, पुढचं वाणसामानाच्या कागदांवरून वाचून शिकले, तेव्हा शुद्धलेखन मुलानं तपासलं आहे. बाकी सगळं माझं.

सहासष्ट-सदुसष्ट साल असेल. लढाई होऊन गेली होती, कॉलेजातल्या मुली एनसीसीत हौसेनं जात होत्या. मी लग्न होऊन या घरात आले त्याला सात महिने झाले होते. सासूबाई नव्हत्या. सासरे, आम्ही आप्पा म्हणायचो, भांडुपच्या एका कारखान्यात फोरमन होते. बोलणं मोजकं आणि आवाज मात्र मशिनवर ओरडायची सवय असलेला. माझे हे फिरतीच्या नोकरीत, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात उरायचो आप्पा, वसू आणि मी. वसू माझ्याहून दोन वर्षांनी लहान, अंगानं बारकी, हात तर इतके आखूड की वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल लागायचं. ती एनसीसीच्या फायरिंगला गेली आणि तिथे तिला पाच गोळ्या मिळाल्या. घरी आली ती निशाणाचा कागद घडी करून पोलक्यात घालून. माझ्यासमोर उलगडला. पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात होती. म्हणाली, "वहिनी, मला दुसरं काही करायचंच नाही गं."

घाटकोपरला तेव्हा एका गोदामात नेमबाजीचा छोटा क्लब होता. एक निवृत्त सुभेदार शिकवायचे. नवख्यांसाठी क्लबच्या दोन रायफली आणि रांगेत वीस जण. आठवड्यातून एकदा दहा छर्रे मारायला मिळाले तर नशीब. दिवाळीनंतर मुलींच्या संघाची निवड होती आणि ज्यांची घरी स्वतःची रायफल होती त्या रोज सराव करत होत्या. वसूनं मनाचा हिय्या करून आप्पांपुढे विषय काढला. आप्पांनी पहिला प्रश्न केला, "पोलिसांचा कागद लागतो?" तिनं सांगितलं, गोळीच्या रायफलला लागतो, आणि ती रायफल, तिच्या गोळ्या आपल्याला झेपणाऱ्याही नाहीत. पण एअर रायफलला लागत नाही. स्प्रिंगच्या दाबानं हवा सुटते आणि ज्वारीच्या दाण्याएवढा शिशाचा छर्रा जातो. सुभेदार म्हणालेत, शिकायला हीच बरी. आप्पांनी एक आकडा सांगितला. म्हणाले, "याच्यावर नाही. आणि एकदाच. रविवारी माझ्यासमोर चालवून दाखवायची. पटली तर ठेवू, नाही पटली तर हा विषय या घरात पुन्हा नाही." आप्पांचं 'पुन्हा नाही' म्हणजे काय ते मला सात महिन्यांत कळलं होतं. त्यांनी एकदा बंद केलेला रेडिओ अजून बंदच होता.

सुभेदारांनीच पत्ता दिला. अंधेरीच्या जुन्या गावठाणात पास्कल अंकल म्हणून होते, मुलाकडे कॅनडाला कायमचे निघालेले. त्यांच्याकडे जुनी जर्मन एअर रायफल. आम्ही दोघी बसनं गेलो. कौलारू घर, अंगणात क्रूस, ओट्यावर बोंबील वाळत घातलेले. अंकलनी रायफल आणली ती तान्ह्या पोरासारखी दोन्ही हातांवर. वसूनं खांद्याला लावली, गाल टेकवला आणि तिचा चेहराच बदलला. किंमत आप्पांच्या आकड्यात बसत होती, कारण अंकलना ती कुणातरी चालवणाऱ्याच्या हातात द्यायची होती. "पैसे आत्ता नको," ते म्हणाले. "रविवारपर्यंत ठेव, बापाला दाखव. आवडली नाय तर सोमवारी आणून दे. पण जशी नेतेस तशी आण, काय?"

चार दिवस ती रायफल वसूच्या खाटेखाली होती. रायफल मधून दुमडून नळी खाली वाकवायची, म्हणजे आतली स्प्रिंग दाबली जाते, मग छर्रा घालायचा आणि नळी सरळ करायची. वाकवताना बिजागरी कर्रर्र वाजायची. आणि आप्पांना कुठल्याही कुरकुरीचा राग. दार कुरकुरलं तरी म्हणायचे, या घरात माणसं राहतात की नाही. रविवारी सकाळी वसू अंघोळीला गेली आणि मला वाटलं, बिचारीची परीक्षा आहे, आपण एवढं तरी करावं. माझं शिवणाचं मशिन होतं. मशिनचं तेल काढलं. बिजागरीला थेंब सोडला. नळी वाकवलेलीच होती, तर आत एक बारीक भोक दिसलं. आता माझ्या आईनं मला मशिन शिकवताना काय सांगितलं होतं, की भोक दिसलं की दोन थेंब. मशिनवर जितकी भोकं तितके दोन-दोन थेंब. मी घातले दोन. लगेच आत गेले, तर वाटलं कोरडं आहे बिचारं, अजून दोन घातले. पुसून, चकाकवून ठेवलं. मला इतकं बरं वाटलं होतं म्हणून सांगू.

दहा मीटर म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या पायरीपासून मागच्या भिंतीपर्यंत. भिंतीला फळी टेकवून वसूनं कागद लावला. आप्पा खुर्ची टाकून बसले, चष्मा पुसून. वसूनं श्वास घेतला, अर्धा सोडला, थांबली. आणि धाडकन असा आवाज झाला की झाडावरचे कावळे उडाले. सुतळी बॉम्बसारखा आवाज, निळा धूर. आणि त्या धुरात भिंतीपलीकडून आलं, ठण्ण.

पलीकडे शेजारच्या गोदाक्कांची विहीर होती.

कुणी हललं नाही. वसूनं पहिलं काय केलं माहीत आहे? नळी वाकवून उघडी केली, रायफल खाली ठेवली आणि मग भिंतीकडे गेली. पळाली नाही. भिंत होती तिच्या छातीएवढी. ती वरून वाकून बघते आहे, आणि मला तिची पाठ दिसते आहे, आणि त्या पाठीवरून मला काहीच कळत नाही… किती वेळ गेला देव जाणे. मग गोदाक्कांचा आवाज आला, "मेले, माझा हंडा चेपलास की गं. कमरेवर घेणारच होते आता."

आप्पा उठले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ओरडले नाहीत, आणि तेच जास्त वाईट होतं. "परत करून ये," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

वसूनं रायफल उचलली. उघड्या नळीपाशी नाक नेलं. आणि माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग रायफल कापडात गुंडाळायला लागली. मी तिथेच उभी, पदराला हात पुसत. बोलले नाही. सांगायला हवं होतं की तेल मी घातलं. पण घरात नवरा नाही, सासरा समोर, माहेर लांब, आणि आत्ता कोणाचा जीव जाता जाता राहिलेला. माझी जीभ टाळूला चिकटली, हे खरं. चांगलं नाही, पण खरं.

सोमवारची वाट न बघता दुपारीच आम्ही अंधेरीला गेलो. पास्कल अंकलनी नळी दुमडली आणि त्यांनाही वास आला. "तेल कोनी घातला?"

"मी," वसू म्हणाली.

मी तिच्या शेजारी उभी होते. हातभर अंतरावर.

अंकल खूप बोलले. दाबलेल्या हवेत तेल पेटतं, स्प्रिंग मोडते, छर्रा कुठल्या कुठे जातो, कोणाचा डोळा जाईल, आई-बाप शिकवत नाहीत का. शेवटी म्हणाले, "बापानं ठेव म्हटला असता तरी आता मी देनार नाय. ज्याला हत्यार कळत नाय त्याच्या हातात मी देत नाय." वसूनं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि "सॉरी अंकल" म्हणाली. दार लागलं.

बस स्टॉपवर तिनं शेंगदाण्याची पुडी घेतली आणि माझ्यापुढे धरली. मी रडायलाच लागले. म्हटलं, "वसू, तेल मी घातलं गं."

"माहितेय. या घरात मशिनच्या तेलाचा वास फक्त तुझ्या हाताला येतो."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मला रायफल दुसरी मिळेल कधीतरी. तुला सासरा दुसरा कुठून आणणार?" आणि शेंगदाणे खात म्हणाली, "शिवाय भिंत ठेंगणी आहे हे मी बघायला हवं होतं. तुझं तेल नसतं तरी माझा नेम चुकू शकला असता की. ती चूक माझीच."

तीस वर्षं तिनं शेडमध्ये मुलींना पहिला प्रश्न तोच विचारला ना गं, निशाणाच्या मागे काय आहे? आता कळलं कुठून आला तो?

पण त्या संध्याकाळी मला जेवण वाढवेना. वसू ताटावर मान घालून बसलेली. घरात तो विषय पुन्हा निघणार नव्हता, कोणीच काढणार नव्हतं, आणि दिवाळी तोंडावर. मला दिसत होतं की आत्ता बोलले नाही तर जन्मभर तिच्या ताटात मला भाकरी वाढावी लागेल आणि प्रत्येक भाकरीला हे आठवेल. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिले. हातातलं भांडं खाली ठेवलं, कारण ते वाजत होतं.

"आप्पा, त्या रायफलीत तेल मी घातलं होतं."

त्यांनी घास थांबवला. वसूनं डोळे मिटले.

"कुठे घातलंस?"

"बिजागरीला. आणि आतल्या भोकात."

"किती?"

"दोन थेंब… मग आणखी दोन."

मला वाटलं आता ताट भिरकावतील. आप्पा माझ्याकडे बघत राहिले, मग भिंतीकडे. फोरमन माणूस, सगळा जन्म मशिनांत गेलेला. स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "दाबानं हवा तापली. तेलानं पेट घेतला. डिझेल इंजिनच झालं की." आणि मग, "म्हणजे रायफल चांगली होती. हिचा नेमही चांगला होता." माझ्याकडे वळून म्हणाले, "सुनबाई, मशिनला विचारल्याशिवाय मशिनला हात लावू नये." एवढीच शिक्षा. मशिनला कसं विचारतात ते मात्र सांगितलं नाही त्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी एकटी अंधेरीला गेले. मुलुंडहून एकटीनं जायची माझी पहिलीच वेळ. अंकलना सगळं सांगितलं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, सरबत दिलं. पण रायफलचा शब्द सकाळीच दुसऱ्या कोणाला देऊन झाला होता. "तुज्या नणंदेला सांग, माजा बोलना मागे घेतला," म्हणाले. बोलणं मागे आलं, रायफल नाही आली. निवडीला अकरा दिवस राहिले होते.

मग आप्पांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ही गोष्ट त्या सभेत कोणाला माहीत नव्हती, म्हणून नीट सांगते. फोर्टातल्या एका दुकानात देशी बनावटीच्या नव्या रायफली होत्या, आकड्यात बसणाऱ्या. दिसायला ओबडधोबड, घोडा ओढायला जड. वसूचं तोंड उतरलं. सुभेदारांनी तिला सांगून पाठवलं होतं की स्वस्तातल्या रायफली एकसारख्या नसतात, नगागणिक फरक असतो. एका कागदावर पाच-पाच छर्रे मार. नेमके मध्यावर लागतात का ते बघू नकोस, एकमेकांजवळ लागतात का ते बघ. सगळे मिळून डावीकडे जात असतील तर ते दुरुस्त करता येतं, पण चारी दिशांना जात असतील तर ती रायफल कोणाच्या बापाला सुधारत नाही.

दुकानामागच्या बोळात निशाण लावायची लाकडी पेटी ठेवून वसू मारायला लागली. पहिली रायफल, भोकं बशीभर. दुसरी तशीच. तिसरी बरी. दुकानदार घड्याळ बघायला लागला. "अहो, सगळ्या एकाच कारखान्यातल्या आहेत, सारख्याच असणार."

आप्पा म्हणाले, "मी कारखान्यातच असतो. एका साच्यातले दोन नग सारखे निघाले तर मला जेवायला बोलवा."

चौथी, पाचवी. वसूचा खांदा दुखायला लागला होता, हात थरथरत होते आणि थरथरत्या हातानं चांगली रायफलसुद्धा वाईट ठरेल ही तिची भीती. मला काही कळत नव्हतं, पण मी तिला बाटलीतलं पाणी दिलं आणि म्हटलं, "बस जरा. दुकान कुठे पळत नाही." दुकानदारानं माझ्याकडे असं बघितलं की दुकान पळालं असतं तर बरं. ती बसली. पाच मिनिटं डोळे मिटून बसली. मग सहावी घेतली. हिच्या लाकडावर हातभर ओरखडा, कोणी नकोच म्हणून मागे ठेवलेली. पाच छर्रे गेले. सगळे खाली, डाव्या कोपऱ्यात, काळ्या वर्तुळाच्या पार बाहेर. दुकानदार हसला, "ही तर निशाणालाच लागत नाही, बेबी."

वसूनं कागद आणून आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी खिशातून चार आण्याचं नाणं काढलं आणि भोकांवर ठेवलं. पाचही झाकली गेली. मग दुकानदाराला म्हणाले, "ही बांधा."

घरी आल्यावर कळलं की दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचं लाकूड, वसूच्या हाताला लांब होतं. आप्पांनी पेन्सिलीनं रेघ मारली, करवत घेतली आणि विचारलं, "कापू? एकदा कापलं की जोडता येणार नाही." वसू म्हणाली, "कापा." इंचभर लाकूड खाली पडलं, तेव्हा आम्ही तिघांनीही श्वास रोखून धरला होता. मागची भिंत आप्पांनी आठवड्यात पुरुषभर उंच बांधून घेतली आणि गोदाक्कांना नवा हंडा दिला. त्यांनी चेपलेला परत दिला नाही. दोन्ही वापरले.

निवड सहा जणींची होती. वसू सातवी आली. तुम्हाला वाटलं असेल पहिली आली म्हणून सांगेन. सातवी. अकरा दिवस पुरत नाहीत. घरी येऊन दोन तास तोंडावर चादर घेऊन पडली, मग उठून भिंतीशी फळी लावली. पुढच्या वर्षी संघात गेली. पण त्या मधल्या वर्षात माझं मन मला किती खात होतं ते माझं मला माहीत. जर्मन रायफल असती तर, असं मी एकदा म्हटलं. तर म्हणाली, "असती तर मी रायफलीवर भरवसा ठेवला असता, वहिनी. आता मला स्वतःलाच बघावं लागतं." ती हे मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की खरंच, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सत्तरच्या दशकात तिनं शेड सुरू केली ती याच रायफलीवर. तुमच्यातल्या प्रत्येकीचा पहिला छर्रा तिच्यातूनच गेला. ओरखडा आठवतोय ना?

ती रायफल आता माझ्या खोलीत आहे. मुलगा म्हणाला, शाळेला देऊ, काचेच्या कपाटात ठेवतील. मी नको म्हटलं. परवा खांद्याला लावून बघितली, म्हातारपणी मला काय हौस. माझ्या खांद्याला तोकडी पडते. सुनेलाही तोकडी. आप्पांनी कापली ती आखूड हाताच्या, नुकत्या शिकणाऱ्या मुलीच्या मापानं, आणि तशा मुलीलाच ती लागेल. सभेत माझ्या मागे बसलेल्या त्या मुलीचं नाव मला माहीत नाही. तुमच्यातल्या कोणीतरी तिला आणलं असणार. तिला घेऊन या. तिच्या आईलाही आणा, तिच्याशी मला बोलायचं आहे. हार-फुलं नकोत, छर्ऱ्याची एक डबी आणा. भिंत उंच आहे, मी रोज दुपारी घरीच असते, पण माझ्याही वयाचा फार भरवसा धरू नका. या आठवड्यातच या.